जळक्या ऑइलच्या रेघा

वादी म्हणजे नदी, पाणी नसलेली.
पहिल्या दिवशी मला ऐकू आलं : वाडी.
वाडी कबीर. म्हटलं, चला,
परमुलखात नाव तरी घरचं लागलं.

मस्कतच्या पाठीमागे, गॅरेजांची रांग संपते तिथे
गोट्यांनी भरलेलं ते कोरडं पात्र.
त्र्याऐंशी सालच्या एका शुक्रवारी
भूपाल मगदूमने त्यात बारा पावलं मोजली,
टाच रोवली आणि म्हणाला, हितं.
आमच्या क्लबचा इतिहास एवढ्या शब्दापासून.

चुना कुठला? खलफानच्या गॅरेजातलं जळकं ऑइल
डब्याला भोक पाडून ओतायचं,
वाकून, उलटं चालत.
पिवळ्या मातीवर काळी रेघ.
गोलकीपर झेपावला की शुक्रवार
त्याच्या कोपराला चिकटायचा
तो बुधवारपर्यंत साबणाला दाद द्यायचा नाही.

मी खजिनदार. गडहिंग्लजचा, म्हणजे फुटबॉल कळतो,
पायांना मात्र कधी कळला नाही.
म्हणून वही माझ्याकडे.

चेंडू एक, साडेचार रियाल.
पंप, उसना.
पाइप सहा, स्कॅफोल्डिंगचे. (कंपनीस माहीत नाही.)
लिंबं. पुन्हा लिंबं.
जुम्मा पंचांना चहा, कारण शिट्टी त्यांची स्वतःची.

मग खाडाखोड सुरू होते :
इक्बाल सरगुरोह, उजवी बगल : बुरैमीला बदली.
बस्त्याव लोबो, बचाव : करार संपला.
त्याच्या जागी आलेला पोरगा,
नाव नीट लिहून घेण्याआधीच : करार संपला.
इतर क्लबांत खेळाडू म्हातारे होतात,
आमच्यात व्हिसा.

मलबारी पोरांनी आम्हाला सात वर्षं
सात-एकने हरवलं.
तो एकसुद्धा बहुतेक वेळा
आम्ही भांडून मिळवलेला.

चौऱ्याण्णवची फायनल मात्र आमची.
बंदरात जहाज लागलं,
समोरची सगळी टीम डबल ड्यूटीवर.
आम्ही अकरा जण मोजे ओढून उभे,
जुम्मा घड्याळाकडे बघत.
पाऊण तासाने शिट्टी. वॉकओव्हर.
भूपालला राहवेना. म्हणाला, एक तरी मारू द्या.
रिकामा गोल, बारा पावलं,
आणि चेंडू ठण्णकन पाइपवर.
वहीत आहे : विजयी, शून्य-शून्य.

ठरलं असं, की सुट्टीवर जाईल त्याने
कप न्यायचा, घरी दाखवायचा, परत आणायचा.
कस्टमवाल्याने एकदा नखाने वाजवून विचारलं, सोनं?
सरगुरोह म्हणाला, पितळ, साहेब,
आणि तेही न खेळता मिळालेलं.

सत्त्याण्णवला भूपालने नेला.
मागे त्याची कंपनीच बुडाली.
कागलहून पत्र आलं :
कप इथेच आहे. थोरलीच्या बारशाला
त्यातून घुगऱ्या वाटल्या. रागवू नका.
मी वहीत लिहिलं : येणे बाकी, कप एक.

दोन हजार सातला वादीने
आपण नदी असल्याचं दाखवून दिलं.
गोलपोस्ट गेले, खलफानचं अर्धं गॅरेज गेलं,
जुम्माच्या घराची भिंत गेली.
महिन्याने एक पाइप समुद्राजवळ सापडला, वाकलेला.
मग नगरपालिकेने पात्राला सिमेंट केलं.
त्यावर कुणी टाच रोवून बघावी.

आता पोरं तासाने हिरवी चटई भाड्याने घेतात,
भोवती जाळी, वर दिवे.
जर्सी छान आहे. बाहीला कोपराशी काळा पट्टा.
त्यांना वाटतं, फॅशन.
मी काही बोललो नाही.

अठरा तारखेचं माझं तिकीट आहे, एका बाजूचं.
वही मुकादमांच्या रेहानला दिली.
त्याने उभ्याउभ्या चाळली,
मग बोट ठेवून विचारलं,
काका, हे दरसाल काय लिहिलंय, येणे बाकी?

पुढच्या पानावर ओढ, म्हटलं.
आणि कालच्या लिंबांचे पैसे दे.